रत्नागिरीची खोती आणि ज्ञानव्यवस्थापनाचा प्रश्न

व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ‘ज्ञानव्यवस्थापन’ हा विषय विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. मायकेल पोलान्यी यांनी अनुक्त ज्ञानाची कल्पना १९६६ साली विस्ताराने मांडली होती. इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची यांनी १९९५ साली ती उद्योगसंस्थांना लावून अनुक्ताचे उक्तात रूपांतर कसे होते याची मीमांसा केली. जाणत्यांचे ज्ञान लेखनिविष्ट झाले म्हणजे ते सर्वांचे होते, असा समज यातून सहज बळावतो. रत्नागिरी जिल्ह्यातील खोतीचा इतिहास हा समज तपासून पाहण्यास उपयोगी आहे.

खोत हा सरकार व कुळे यांच्यामधील वंशपरंपरागत सारावसूलदार होय. गावातील जमिनी, कुळे व येणे यांची माहिती त्याच्या मोडी दफ्तरात असे. परंतु वसुलीचा खरा आधार होता अभावणी, म्हणजे उभ्या पिकाकडे पाहून केलेला उत्पन्नाचा अंदाज. त्यावरून अर्धेल, तिरधेल असा खोताचा वाटा ठरे. हे ज्ञान नजरेचे होते आणि शेत कसणाऱ्या कुळापाशीही ते होतेच. वाद पडल्यास लेखी पुरावा मात्र बहुधा खोताच्या दफ्तरातच सापडे. ज्ञान दोघांपाशी व नोंद एकापाशी, अशी ही स्थिती होती.

१८८० च्या खोती कायद्याने कुळांचे हक्क व देणे सरकारी नोंदीत आणले. तथापि वसुलीचा अधिकार खोताकडेच राहिल्याने, नोंद होऊनही कुळांची अवस्था मूलतः पालटली नाही. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले; प्रत्यक्ष निर्मूलन १९४९ च्या कायद्याने झाले.

पुढे मोडी लिपी शालेय शिक्षणातून गेली. जी दफ्तरे उरली, त्यांना वाचक दुर्मिळ झाले. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही, शब्दही न तोडता लिहिले जातात. म्हणून पूर्वपरिचयावाचून मजकूर लागणे कठीण. ‘अभावणी’ ही अक्षरे लागली, तरी प्रथा ठाऊक नसल्यास हिशेब उलगडत नाही.

तात्पर्य, नोंद करणे ही ज्ञानव्यवस्थापनाची केवळ पहिली पायरी होय. त्या नोंदीवर अधिकार कोणाचा आणि ती वाचण्याची विद्या पुढील पिढीस कोण देणार, हे प्रश्न अभ्यासक्रमात आल्यावाचून हा विषय दफ्तर सांभाळण्यापलीकडे जाणार नाही.