सागरी तहनाम्याची कुळकथा

नागपूरहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेल्या आमच्या इचोड्यापासून समुद्र कोणत्याही दिशेस शेकडो मैल दूर आहे; तथापि आदिलाबादच्या काळ्या मातीवरून वाहणारे पावसाचे पाणी, मग ते पैनगंगेस मिळो वा अन्य ओढ्या-नद्यांस, अखेर गोदावरीच्याच वाटेने बंगालच्या उपसागरास पोहोचते. म्हणून जगातील जहाजांनी समुद्रात काय टाकावे आणि काय टाकू नये हे ज्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याने ठरविले, त्या ‘मार्पोल’ची जन्मकथा आम्हां भूमिवासीयांस परकी मानण्याचे कारण नाही.

या कथेचे मूळ अपघातात नसून नित्याच्या वहिवाटीत आहे. तेलवाहू जहाज माल उतरवून रिकामे परतू लागले, की ते हलके होऊन लाटांवर हेलकावे खाते. म्हणून तोल राखण्यासाठी ज्या टाक्यांत तेल होते त्यांतच समुद्राचे पाणी भरीत, टाक्यांच्या भिंतींना चिकटून राहिलेले तेल त्या पाण्यात उतरे, आणि पुन्हा माल भरण्याचे बंदर जवळ आले की ते सारे मिश्रण बिनदिक्कत समुद्रात सोडून देत. हा कोणाचा द्वेष नव्हता, दुष्टावाही नव्हता. टाक्या धुण्याची तीच रूढ रीत होती.

तिला आळा घालण्याचा मसुदा 1926 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत तयार झाला खरा, पण त्यास राष्ट्रांची मंजुरी मिळाली नाही. पुढे 1954 साली लंडनमध्ये जो करार झाला, त्याने किनाऱ्यापासून 50 सागरी मैलांच्या आत, दहा लाख भागांत 100 किंवा त्याहून अधिक भाग तेल असलेले पाणी सोडण्यास मनाई केली. हुकूम स्पष्ट होता, पण त्याचा अंमल कोण करणार? रात्रीच्या अंधारात भर समुद्रात उघडलेल्या झडपेस साक्षीदार कोठून आणावा?

18 मार्च 1967 रोजी ‘टॉरी कॅन्यन’ हे लायबेरियाच्या निशाणाखालील जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. त्यातील सुमारे 1,20,000 टन कुवेती तेल समुद्रात पसरू लागले तेव्हा ब्रिटिश विमानांनी बाँब टाकून ते जाळण्याचा प्रयत्न केला, आणि तवंग फोडण्यासाठी शिंपडलेली रसायने सागरी जीवांस तेलाहूनही घातक ठरली. या आघाताने राष्ट्रे खडबडून जागी झाली, आणि 2 नोव्हेंबर 1973 रोजी लंडनमध्ये मार्पोलचा करार संमत झाला. त्याच्या कक्षेत केवळ तेल नव्हे, तर घातक द्रवपदार्थ, बांधीव माल, मैला व केरकचराही आला.

पण संमती निराळी आणि मान्यता निराळी. जगाच्या व्यापारी जहाजांच्या निम्म्या टनभाराचे धनी असलेल्या किमान 15 राष्ट्रांनी मान्यता दिल्याखेरीज करार अमलात येणार नव्हता. आणि 1976 पर्यंत मान्यता दिली ती फक्त जॉर्डन, केनिया व ट्युनिशिया या तिघांनी. त्या हिवाळ्यात अमेरिकेच्या किनाऱ्यालगत तेलवाहू जहाजांचे अपघात ओळीने झाले, म्हणून फेब्रुवारी 1978 मध्ये पुरवणी करार करण्यात आला. त्याने मूळ करार आपल्यात सामावून घेतला आणि द्रवरसायनांच्या अवघड कलमांस मुदत वाढवून दिली. अखेर 2 ऑक्टोबर 1983 रोजी मार्पोल अमलात आला. त्या काळी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे महासचिव होते चंद्रिकाप्रसाद श्रीवास्तव, म्हणजे मुंबईच्या शिपिंग कॉर्पोरेशनची प्रारंभीची धुरा वाहिलेले गृहस्थ. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही, ती सांगितली पाहिजे.

या कराराचे खरे शहाणपण मला दिसते ते असे, की त्याने साक्षीदाराचा शोध सोडून दिला आणि जहाजाची रचनाच बदलली. मोठ्या नव्या तेलवाहू जहाजांत तोलाच्या पाण्यासाठी स्वतंत्र टाक्या आल्या, त्यांत तेलाचा थेंब जाण्याची वाटच उरली नाही; तेलाच्या टाक्या पाण्याऐवजी कच्च्या तेलाच्याच फवाऱ्यांनी धुण्याची पद्धत रूढ झाली; इंजिनखोलीतील सांडपाणी गाळून, दहा लाखांत 15 भागांहून अधिक तेल नसेल तरच, सोडावे असा दंडक झाला. जोडीला तेलनोंदवही आली. गावच्या कुलकर्ण्याने रोजकीर्द राखावी तशी ती जहाजावर राखावी लागते: कोणत्या टाकीतून किती तेल, कोठे व केव्हा हलविले, याच्या प्रत्येक नोंदीखाली अधिकाऱ्याची सही, प्रत्येक पानाखाली कप्तानाची, आणि शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षे दप्तर जपण्याची सक्ती. परक्या बंदरातील निरीक्षक ही वही टाक्यांशी ताडून पाहतो, आणि खोटी नोंद हाच गुन्ह्याचा पुरावा ठरतो.

भारत 1986 साली या करारात सामील झाला. त्यानंतरही 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली, तेल रायगडच्या खारफुटीपर्यंत गेले, कोळ्यांची मासळी विकेनाशी झाली, आणि समुद्रात पडलेले कंटेनर तरंगू लागले. ‘चित्रा’वरील काही कंटेनरांत कीटकनाशके होती. इचोड्याच्या शिवारात कपाशीवर फवारणारा शेतकरी, नाकातोंडाला फडके बांधूनही, त्या द्रव्याचा उग्र दर्प ओळखतो. बांधीव मालावर खुणा व नावे ठळक असलीच पाहिजेत असे मार्पोलचे तिसरे परिशिष्ट का बजावते, हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

एक कलम मात्र अद्याप अपुरे पाळले जाते, आणि तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: जहाजांनी आणलेले तेलकट पाणी उतरवून घेण्याची सोय बंदरांनी केली पाहिजे, तीही जहाजाचा नाहक खोळंबा न होता. जेथे ही सोय नाही, महाग आहे किंवा संथ आहे, तेथे नियम मोडण्याचा मोह बंदरच निर्माण करते. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी येऊन पडणारे डांबराचे गोळे गोळा करण्यावर जो खर्च होतो, तो आधी या उतारसोयींवर झाला पाहिजे.