डेटाबेसच्या शेलची भाषा : मोंगोडीबीच्या निवडीचा इतिहास

डेटाबेसशी थेट आज्ञांच्या द्वारे संवाद साधण्यासाठी जो प्रोग्रॅम वापरला जातो, त्यास 'शेल' असे म्हणतात. या शेलला स्वतःची स्क्रिप्टिंग भाषा असावी काय, हा प्रश्न संबंधात्मक डेटाबेसच्या क्षेत्रात दीर्घकाळ गौणच राहिला. कारण एसक्यूएल ही प्रश्नभाषा तेथे आधीपासूनच प्रस्थापित होती. पोस्टग्रेएसक्यूएलच्या 'पीएसक्यूएल' या शेलमध्ये 'जर-तर' स्वरूपाची आज्ञा २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत आली. एसक्यूएलचा त्याग करणाऱ्या डेटाबेसला मात्र भाषा निवडण्यावाचून गत्यंतर नव्हते. एचबेसने जेरूबी निवडली, तर मोंगोडीबीने जावास्क्रिप्ट.

मोंगोडीबीची निवड वरकरणी स्वाभाविक होती. २००७ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या टेनजेन या कंपनीने २००९ मध्ये हा डेटाबेस खुला केला. त्यातील नोंदींची रचना जावास्क्रिप्टमधील वस्तूंच्या रचनेशी मिळतीजुळती आहे. त्यामुळे वेबवर काम करणाऱ्यास नवी भाषा न शिकता शेल हाताळता येऊ लागला. या डेटाबेसच्या लोकप्रियतेत या सोयीचा वाटा मोठा मानावा लागेल.

तथापि भाषा स्वीकारली की तिचे दोषही स्वीकारावे लागतात. तत्कालीन जावास्क्रिप्टमध्ये संख्येचा एकच प्रकार होता : ६४ बिटांची दशांश संख्या. डेटाबेसमध्ये मात्र ३२ व ६४ बिटांचे पूर्णांक स्वतंत्रपणे साठविण्याची सोय होती. परिणामी जुन्या शेलमध्ये साधा ५ हा अंक लिहिला तरी तो दशांश प्रकारातच साठविला जाई. पूर्णांक हवा असल्यास 'नंबरइंट' अथवा 'नंबरलाँग' असे स्पष्टपणे लिहावे लागे. दोनचा ५३ वा घात, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२, याच्या पलीकडे तर प्रत्येक पूर्णांक अचूक राहीलच याची शाश्वती नव्हती. याच्या पुढचाच, ९९३ ने संपणारा क्रमांक तसाच लिहिला, तर साठविला जाई तो ९९२ ने संपणारा. आणि चूक झाल्याची सूचनाही मिळत नसे. खातेक्रमांकासारख्या नोंदींत हा दोष किरकोळ म्हणता येत नाही.

दुसरी अडचण भाषा चालविणाऱ्या इंजिनाची. प्रारंभी मोझिलाचे स्पायडरमंकी होते. २०१३ च्या २.४ आवृत्तीत गुगलचे व्ही-८ आले. त्यामुळे सर्व्हरवर जावास्क्रिप्टची अनेक कामे एकाच वेळी चालू शकली, परंतु मोझिलाच्या खास लकबींवर विसंबून लिहिलेल्या स्क्रिप्ट बंद पडल्या. २०१५ च्या ३.२ आवृत्तीत पुन्हा स्पायडरमंकीच आले. भाषा एकच असूनही तिच्या बोली किती भिन्न असू शकतात, याचा हा बोलका पुरावा होय.

२०१७ मध्ये वापरास सिद्ध झालेल्या मायएसक्यूएल शेलने जावास्क्रिप्ट, पायथन आणि एसक्यूएल या तिन्हींना स्थान देऊन हा पेच वेगळ्या प्रकारे सोडविला. मोंगोडीबीने मात्र जावास्क्रिप्ट न सोडता शेलच नव्याने लिहिला. 'मोंगोश' हा नवा शेल नोड.जेएसवर आधारलेला आहे. तेथे डेटाबेसचे उत्तर येईपर्यंत थांबण्याची सूचना प्रोग्रॅममध्ये द्यावी लागते. जुन्या शेलमध्ये ती लागत नसे. जुनी सवय मोडू नये म्हणून मोंगोश वापरकर्त्याने लिहिलेल्या ओळींत अशा सूचना पडद्याआड स्वतःच घालतो. जुना शेल २०२२ च्या ६.० आवृत्तीत वगळण्यात आला.