कवचांनी दिलेली साक्ष

कोंबडीच्या अंड्याचं कवच साधारण एक तृतीयांश मिलिमीटर जाड असतं. एवढंसं कवच, पण वर आई बसली तरी फुटत नाही आणि आतून पिलाने चोच मारली की फुटतं. हा मेळ थोडासा जरी बिघडला तर काय होईल? १९५० नंतरच्या काळात युरोप-अमेरिकेतल्या शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत तो खरोखरच बिघडला. त्याचं कारण शोधायला उपयोगी पडली ती कपाटांत वर्षानुवर्षं पडून असलेली जुनी, रिकामी अंडी. डीडीटीवरच्या बंदीच्या इतिहासातला हा भाग मोठा शिकवण्यासारखा आहे.

जीव वाचवणारी पूड

डीडीटी हे संयुग प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनलं १८७४ साली. पण ते कीटकांना मारतं हे स्वित्झर्लंडमधल्या पॉल म्युलर यांच्या लक्षात आलं १९३९ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात नेपल्स शहरात टायफसची साथ पसरली, तेव्हा लोकांच्या अंगावर ही पूड मारून उवांचा नायनाट केला गेला आणि साथ आटोक्यात आली. म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळालं, तेही वैद्यकशास्त्राचं.

आपल्याकडचा अनुभवही असाच होता. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख माणसं दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारली गेली. १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास उतरली. डीडीटीकडे लोक कृतज्ञतेने पाहत होते ते उगाच नव्हे.

पण हीच पूड शेतांत, बागांत, जंगलांत विमानांतून ओतली जाऊ लागली. ती सहजासहजी विघटित होत नाही. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र छान विरघळते. म्हणून प्राण्याच्या शरीरात गेली की तिथेच साठून राहते. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक या तलावात चिलटं मारण्यासाठी डीडीटीचं भावंड असलेलं डीडीडी टाकलं होतं. पाच कोटी भाग पाण्यात एक भाग, इतकं कमी. पण त्या तलावावरचे ग्रीब नावाचे पाणपक्षी मरू लागले. त्यांच्या चरबीत दशलक्ष भागांत १६०० भाग इतकं डीडीडी सापडलं, म्हणजे पाण्यातल्या प्रमाणाच्या ऐंशी हजार पट! पाण्यातून सूक्ष्मजीवांत, तिथून लहान माशांत, मग मोठ्या माशांत आणि शेवटी पक्ष्यात, असं पायरीपायरीने ते वाढत गेलं होतं.

रेचेल कार्सन यांनी १९६२ सालच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात अशी अनेक उदाहरणं लोकांसमोर ठेवली. रसायन उद्योगाने त्यांच्यावर कडाडून टीका केली, पण १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींच्या विज्ञान सल्लागार समितीने त्यांच्या मांडणीला मोठ्या प्रमाणात दुजोरा दिला. १९६४ साली कार्सन वारल्या. कवचांचा पुरावा पुढे यायला तेव्हा अजून तीन वर्षं होती.

कबुतरवाल्यांची तक्रार

बहिरी ससाणा हा अतिशय वेगवान शिकारी पक्षी. कबुतर हे त्याचं आवडतं भक्ष्य. १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांनी सरकारकडे तक्रार केली, की ससाणे फार माजले आहेत, त्यांना दिलेलं कायद्याचं संरक्षण काढून घ्या. खरंखोटं पाहण्यासाठी पाहणी करायचं ठरलं. ते काम डेरेक रॅटक्लिफ या निसर्ग-अभ्यासकाकडे आलं.

पाहणीतून निघालं ते अगदी उलट. ससाणे वाढले तर नव्हतेच, युद्धापूर्वीच्या संख्येच्या निम्म्यावर आले होते. दक्षिण इंग्लंडमधून तर ते जवळजवळ नाहीसे झाले होते. यातल्या बऱ्याच पक्ष्यांच्या मृत्यूचं कारण होतं आल्ड्रिन आणि डिल्ड्रिन ही कीटकनाशकं. १९५६ नंतर ती पेरणीच्या बियाण्याला चोळली जात. ते दाणे कबुतरं खात आणि कबुतरांना ससाणे खात.

पण एक कोडं उरलंच. रॅटक्लिफ यांना १९५१ पासूनच ससाण्यांच्या घरट्यांत फुटलेली अंडी दिसत होती. तेव्हा बियाण्याला ही विषं चोळायला सुरुवातही झालेली नव्हती. मग अंडी का फुटत होती?

कपाटातली अंडी

पूर्वी ब्रिटनमध्ये पक्ष्यांची अंडी गोळा करण्याचा मोठा शौक होता. हौशी मंडळी अंड्याला बारीक भोक पाडून आतला बलक काढून टाकत आणि कवचावर किंवा चिठ्ठीवर तारीख व ठिकाण लिहून ठेवत. पक्ष्यांचं नुकसान करणारा शौक म्हणून १९५४ च्या कायद्याने त्यावर बंधनं आली. पण संग्रह शिल्लक होते. पुढे विज्ञानाच्या उपयोगी पडली ती त्यांवरची तारीख!

रॅटक्लिफ यांना शंका होती, की कवचं पातळ झाली असावीत. पण एवढ्याशा भोकातून जाडी मोजायची कशी? आणि संग्राहक अंडं फोडू कसं देणार? त्यांनी साधी युक्ती केली. कवचाचं वजन मिलिग्रॅममध्ये घ्यायचं आणि त्याला अंड्याच्या लांबी-रुंदीच्या (मिलिमीटरमधल्या) गुणाकाराने भागायचं. समजा, अंडं ५२ मिमी लांब आणि ४१ मिमी रुंद आहे. गुणाकार २१३२. कवचाचं वजन ३९०० मिलिग्रॅम असेल तर भागाकार येईल १.८३. तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या अंड्याचं कवच ३१५० मिलिग्रॅमचं असेल तर १.४८. अंडं न फोडता कवच पातळ आहे हे कळलं! हे गणित सातवी-आठवीच्या मुलांना सहज जमेल.

शेकडो अंडी अशी मोजल्यावर चित्र स्पष्ट झालं. अनेक दशकं कवचाचा हा निर्देशांक जवळजवळ स्थिर होता. १९४७ च्या सुमारास तो एकदम घसरला आणि खालीच राहिला. बहिरी ससाण्यात घट होती सुमारे १९ टक्के. युद्धानंतर डीडीटीचा सर्रास वापर सुरू झाला तोच हा काळ. १९६७ साली ‘नेचर’ नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

संशयापासून पुराव्यापर्यंत

दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एक दुसरीचं कारण, असं म्हणता येत नाही. इथूनच खरं काम सुरू झालं. अमेरिकेत जोसेफ हिकी आणि डॅनियल अँडरसन यांनी तिथल्या संग्रहांतली १७०० हून अधिक अंडी मोजली. तिथेही घसरण १९४७ पासूनच. शिवाय त्यांनी पाच राज्यांतल्या गल पक्ष्यांची अंडी तपासली, तेव्हा ज्या अंड्यांत अशा विषांचे अंश जास्त, त्यांचं कवच पातळ, असं आढळलं. ही झाली १९६८ ची गोष्ट.

मग प्रयोग झाले. बंदिस्त जागेत वाढवलेल्या बदकांना डीडीई, म्हणजे डीडीटीपासून शरीरात तयार होणारा पदार्थ, खाद्यातून दिला. त्यांची कवचं पातळ झाली, न दिलेल्या बदकांची झाली नाहीत. डीडीईमुळे कवच बनवणाऱ्या ग्रंथीपर्यंत पुरेसं कॅल्शियम पोचत नाही. गंमत म्हणजे कोंबडीवर हा परिणाम फारच कमी होतो. नुसत्या कोंबड्यांवर प्रयोग करून कुणी डीडीटीला निर्दोष ठरवलं असतं तर?

कॅलिफोर्नियाजवळच्या अनाकापा बेटावर १९७० साली तपकिरी पेलिकनांनी ५५२ घरटी केली. त्यांतून जगलं एकच पिल्लू.

बंदी आणि तिच्या मर्यादा

हा पुरावा अमेरिकेत सुनावण्यांमध्ये मांडला गेला. १९६७ साली काही शास्त्रज्ञ आणि वकिलांनी मिळून त्यासाठी संस्थाच काढली. सात महिन्यांच्या केंद्रीय सुनावणीनंतर सुनावणी अधिकाऱ्याने डीडीटीच्या बाजूने कौल दिला. पण पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रमुख विल्यम रकलशॉस यांनी तो बाजूला सारून १४ जून १९७२ रोजी शेतीतला वापर बंद करण्याचा आदेश काढला. निर्यातीला मात्र मुभा राहिली. बंदिवासात वाढवलेले ससाणे निसर्गात सोडले गेले. हळूहळू कवचं पुन्हा जाड होऊ लागली आणि १९९९ साली बहिरी ससाण्याचं नाव अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून निघालं.

भारतात शेतीसाठी डीडीटीवर बंदी आली १९८९ मध्ये. मलेरिया आणि काळा आजार यांच्यासाठी वापर चालू राहिला. आपल्या रायगड जिल्ह्यात रसायनी इथल्या सरकारी कारखान्यातही डीडीटी बनत असे. २००१ च्या स्टॉकहोम कराराने रोगप्रसारक कीटकांपुरती सवलत ठेवली. पण डासांमध्येही प्रतिकारशक्ती आली होती. १९७६ साली भारतात मलेरियाचे रुग्ण पुन्हा साठ लाखांच्या वर गेले, त्यामागचं हे एक कारण होतं. शेतांतल्या बेसुमार फवारणीने ही प्रतिकारशक्ती वाढायला मदतच केली. म्हणजे पक्ष्यांना वाचवणं आणि माणसांना वाचवणं या दोन गोष्टी वाटतात तेवढ्या परस्परविरोधी नव्हत्या.

१९९० नंतर भारतातली गिधाडं झपाट्याने नाहीशी होऊ लागली तेव्हा पहिल्या संशयितांत कीटकनाशकंही होती. तपासाअंती, २००४ साली, कारण निघालं वेगळंच: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध. जुन्या गुन्हेगारावर आळ घेऊन तपास थांबवला असता तर २००६ मध्ये त्या औषधाच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी आलीच नसती. कवचांच्या कथेतून घ्यायचा धडा हाच आहे. विषाविरुद्ध आवाज उठवायलाच हवा, पण तो टिकतो मोजमापाच्या आधारावर. आणि अशी मोजमापं करायला कधीकधी एक तराजू, एक मोजपट्टी आणि कुणीतरी नीट लिहून ठेवलेली तारीख पुरते.