पऱ्हाटीतली वाट

ऑक्टोबर २०१८. पांढरकवडा आणि राळेगाव यांच्या मधलं एक कोलाम पोड, म्हणजे वस्ती. सकाळचे साडेसात वाजलेत. तू तेरा वर्षांची आहेस, आठवीत. दप्तर कधीचं पाठीला लावलंयस, पण दारातच उभी आहेस. बाकीची पोट्टी आल्याशिवाय माय निघू देत नाही.

फाट्यापर्यंतची वाट कापसातून जाते. पऱ्हाटी तुझ्या खांद्याला लागली आहे आणि मधल्या ओळींतली तूर तर डोक्याच्याही वर. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असं ठरवलं. त्या तीन किलोमीटरमध्ये पीक किती उंच आहे, हे कोण मोजणार? तुला मात्र तेवढंच मोजावं लागतं. पाला सळसळला की सगळे थबकता. पुढं एक काका काठी आपटत चालतात, मागं दुसरे. मधे तुम्ही सात जण, एकमेकांची दप्तरं धरून.

"मांगं राहू नोका रे!"

वनविभागाच्या कागदावर ती वाघीण टी-१ आहे, पेपरात अवनी. तेरा माणसांचे जीव तिच्या नावावर सांगतात, आणि तिच्यासोबत दोन बछडेही आहेत. पोडावर तिला कुणी नावानं बोलवत नाही. "ते" म्हणतात फक्त.

फाट्यावर मानव विकास योजनेची निळी एसटी गाडी येते. आठवी ते बारावीच्या मुलींसाठी मोफत. खिडकीची जागा मिळाली की तू पहिल्यांदा श्वास सोडतेस.

२ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती मारली जाते. दिवाळीनंतर काका काठी न घेता येतात, तरी तू अजून दप्तर धरूनच चालतेस.

आता नोव्हेंबर २०२१. तू अकरावीत आहेस. कोरोनानं दहावीची परीक्षाच झाली नाही, शाळा दीड वर्ष मोबाईलवर होती, आणि मोबाईल घरात नव्हता. कॉलेज उघडलं, तर एसटीचा संप. वाटेवर वाघ नाही, गाडीही नाही. काळीपिवळीवाला पैसे मागतो. मायच्या वेचणीच्या मजुरीतून ते रोज कसे काढायचे? संप एप्रिलपर्यंत चालणार आहे, हे तुला अजून माहीत नाही. प्लास्टिकच्या पिशवीतला पास तू हातात धरून उभी आहेस.

शेतातून मायची हाक येते, "गाडी आली का वं?"

ओटीत कापूस भरून ती बांधावर आली आहे. तू पुन्हा रस्त्याकडं बघतेस.