तराजू, पंच आणि संगणक

प्रामाणिकपणा हा मनुष्याच्या अंतःकरणाचा गुण आहे, असें आपण मुलांना लहानपणापासून सांगतों, आणि तें खोटेंही नाहीं. परंतु समाजाचा नित्याचा व्यवहार ज्या प्रामाणिकपणावर चालतो, त्याचा इतिहास पाहूं गेल्यास एक निराळीच गोष्ट दृष्टोत्पत्तीस येते. ओळखीच्या माणसाशीं व्यवहार करतांना आपण त्याचा स्वभाव पाहतों. अनोळखी माणसाशीं करतांना त्याचें माप पाहावें लागतें. बाजार, क्रीडांगण आणि अलीकडे घरोघर येऊन बसलेला संगणक, या तिन्ही ठिकाणीं आपली गांठ बहुधा अनोळखी माणसांशींच असते. तेथें विश्वास कसा उत्पन्न झाला व कोठें ढासळला, हें क्रमानें पाहिल्यास असें आढळतें कीं, जेथें तपासणीचा मार्ग खुला राहिला तेथें विश्वास टिकला, आणि जेथें तो बंद झाला तेथें सज्जनांच्या सज्जनपणानेंही फारसें कांहीं साधलें नाहीं.

बाजारापासून आरंभ करणें सोयीचें, कारण हें शहाणपण तेथें सर्वांत जुनें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत वजनमापांसाठीं पौतवाध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. वजनें लोखंडाचीं असावींत, किंवा मगध व मेकल या प्रदेशांतील दगडाचीं, अथवा ओलीनें वाढणार नाहींत व उष्णतेनें घटणार नाहींत अशा पदार्थांचीं असावींत, असा तेथें नियम आहे. आणि दर चार महिन्यांनीं तीं तपासून त्यांवर मुद्रा करून घ्यावी, असाही आहे. या नियमांत व्यापाऱ्याच्या पापपुण्याची चर्चा नाहीं. मनुष्य लोभी असूं शकतो, हें गृहीत धरून शास्त्रकार पुढें गेला आहे; त्याची दृष्टि आहे ती व्यापाऱ्याच्या हातांतील लोखंडावर.

आपल्याकडे चार शेरांची पायली हें कोष्टक सर्वांना पाठ असे. तथापि एका पेठेचा शेर दुसऱ्या पेठेच्या शेराशीं जुळेलच असा नेम नसे. त्यांतून धान्य शिगेनें मोजावयाचें कीं माप काठाशीं सपाट करावयाचें, हा वाद निराळाच. शेतकऱ्याकडून घेतांना शीग आणि गिऱ्हाइकाला देतांना सपाट, एवढ्या हाताच्या एका हालचालींत पुष्कळ नफा सामावलेला असे. १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून दशमान पद्धति टप्प्याटप्प्यानें अमलांत आली, आणि शेर जाऊन किलो आला. जुन्या पिढीला त्याचा त्रास झाला. परंतु रत्नागिरीचा किलो आणि नागपूरचा किलो एकच झाला, व त्यावर सरकारी शिक्का आहे कीं नाहीं हें विचारण्याचा अधिकार गरिबांतल्या गरीब गिऱ्हाइकालाही मिळाला.

माप निश्चित झालें म्हणून भाव निश्चित होतो असें नाहीं. सतराव्या शतकांत इंग्लंडांतील क्वेकर पंथाच्या दुकानदारांनीं एकच भाव सांगण्याचा नियम धर्माज्ञा म्हणून पाळला; घासाघीस म्हणजे दोन्ही पक्षांनीं संगनमतानें बोललेलें असत्य, अशी त्यांची भावना होती. पुढें १८५२ पासून पॅरिस येथील बाँ मार्शे या दुकानाचा चालक बूसिको यानें वस्तूवर किंमत लिहून ठेवण्याची आणि न आवडलेला माल परत घेण्याची रीत पाडली. यांत धर्मापेक्षां हिशेब अधिक होता; परंतु परिणाम असा झाला कीं, भोळा आणि धूर्त या दोघांनाही एकच भाव पडूं लागला. आपल्या देशांत बांधीव मालाच्या वेष्टनावर सर्व करांसह कमाल किंमत छापण्याचा नियम १९९० सालीं झाला. मात्र ही किंमत उत्पादक स्वतःच छापतो, आणि ती केवळ वरची मर्यादा आहे. ती वाजवी आहे याची हमी तींत नाहीं. हा भेद ज्यांनीं ओळखला त्यांत १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचा उल्लेख करावयास हवा. अनेक कुटुंबांनीं एकत्र येऊन घाऊक खरेदी करावी व माल आपसांत वांटून घ्यावा, ही तिची योजना मध्यमवर्गीय गृहिणींच्या कष्टांवर उभी राहिली. "भाव कोणी ठरविला?" हा प्रश्न विचारावयाचा असतो, हें तिनें घराघरांत शिकविलें.

बाजारांत जें काम तराजू करतो, तें मैदानांत पंच करतो. खेळ पूर्वीं निर्मळ होता आणि पैशानें तो आतां नासला, ही समजूत इतिहासाला धरून नाहीं. १७७४ सालीं क्रिकेटच्या नियमांची जी सुधारलेली आवृत्ति लंडनमध्यें सिद्ध झाली, तींत पायचीतचा नियम प्रथम आला. आणि त्याच नियमावलींत पैजा कशा धराव्यात हेंही सांगितलें आहे. विल्यम लँबर्ट यानें १८१७ सालीं एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतकें काढलीं. आणि त्याच वर्षीं मुद्दाम वाईट खेळल्याच्या आरोपावरून लॉर्ड्सचें मैदान त्याला कायमचें बंद झालें.

पंचाला चेंडू दिसतो, सौदा दिसत नाहीं. जानेवारी २००० मध्यें सेंच्युरियन येथें दक्षिण आफ्रिका व इंग्लंड यांच्या कसोटींत तीन दिवस पावसानें वायां गेले, तेव्हां हॅन्सी क्रोनिए यानें डाव सोडून देण्याची तडजोड सुचविली. दोन्ही संघांनीं एकेक डाव सोडला, सामना रंगला व इंग्लंडनें तो दोन गडी राखून जिंकला. या खिलाडूपणाची पुष्कळांनीं वाहवा केली. एप्रिलमध्यें दिल्ली पोलिसांनीं दूरध्वनीवरील संभाषणें उजेडांत आणल्यावर जी चौकशी झाली, तींत कळलें कीं या औदार्यामागें एका सट्टेबाजानें दिलेली रक्कम आणि एक चामड्याचें जाकीट होतें. ज्या कृतीला आपण उदारपणा म्हणून टाळ्या दिल्या तीच विकलेली निघावी, याहून प्रेक्षकाची मोठी फसवणूक कोणती? मैदानावरील कोणत्याही पंचाला ती पकडतां आली नसती; ती पकडली गेली मैदानाबाहेरच्या तपासणीनें.

पंचांची निःपक्षपाती वृत्तिही अशीच हळूहळू चारित्र्याकडून व्यवस्थेकडे सरकली. यजमान देशाचेच पंच असावयाचे, ही जुनी वहिवाट. १९८६ सालीं लाहोर येथें पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्या कसोटींत मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय त्रयस्थ पंच म्हणून उभे राहिले. २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ ठेवण्याचा प्रघात पडला. त्याच्या आधीं, १९९२ सालीं, डर्बन येथें चित्रफीत पाहून निर्णय देणारा तिसरा पंच आला, आणि त्याच्या निर्णयानें बाद होणारा पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर होता. पुढें २००८ पासून चेंडूचा मार्ग संगणकानें रेखून पंचाचा निर्णय फिरविण्याची सोय झाली. पण पॅडवर आदळलेला चेंडू पुढें यष्टींवर गेला असता कीं नाहीं, हें कोणालाच दिसलेलें नसतें. तें यंत्राचें गणित असतें. भारतीय नियामक मंडळानें या गणितावर बरींच वर्षें अविश्वास दाखविला, व २०१६ सालीं तें प्रायोगिक म्हणून मान्य केलें. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय मंडळानें या यंत्रांची मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अभियंत्यांकडून स्वतंत्र तपासणी करविली. मंडळाच्या हट्टाची त्या वेळीं थट्टा झाली. परंतु पंचाच्या जागीं यंत्र आलें म्हणून यंत्रावर पंच नको असें होत नाहीं, हा त्यांतील मुद्दा खरा होता.

हा मुद्दा खेळापुरता राहिला असता तर बिघडलें नसतें. सप्टेंबर २०१५ मध्यें अमेरिकेंत उघडकीस आलें कीं, फोक्सवॅगनच्या डीझेल मोटारींतील सॉफ्टवेअर आपली परीक्षा चालू आहे हें ओळखी, व तेवढ्यापुरता धूर शुद्ध ठेवी; रस्त्यावर तीच मोटार मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत विषारी वायु सोडी. जगभर सुमारें १ कोटी १० लाख मोटारींत ही युक्ति होती. खोट्या वजनाचाच हा प्रकार. फरक इतकाच कीं वजनें तपासणारा अधिकारी आला कीं हें वजन आपोआप खरें होई.

याहून करुण कथा इंग्लंडांतील टपाल कचेऱ्यांची आहे. तेथें खेडोपाडीं लहान दुकानांतूनच टपालाचें काम चालतें. १९९९ पासून या दुकानांच्या हिशेबासाठीं होरायझन नांवाची संगणकव्यवस्था आली, आणि कांहीं ठिकाणीं गल्ल्यांत तूट दिसूं लागली. दुकानदार शपथेवर सांगत कीं आम्हीं पैसा घेतला नाहीं. यंत्र सांगे कीं पैसा नाहीं. १९८४ च्या इंग्रजी कायद्याप्रमाणें संगणकाचा पुरावा मांडावयाचा तर तो नीट चालत होता हें दाखवावें लागे; ती अट १९९९ च्या कायद्यानें काढून टाकली. मग यंत्र बरोबर आहे असें धरून चालावयाचें, आणि तें चुकलें हें त्या खेडवळ दुकानदारानें सिद्ध करावयाचें. यंत्राच्या आंतील नोंदी तर त्याच्या हातीं नव्हत्या. नऊशेंहून अधिक माणसें दोषी ठरलीं, कित्येक तुरुंगांत गेलीं, कित्येकांनीं घरें विकून न झालेली चोरी भरून दिली. ॲलन बेट्स व त्यांच्यासह एकूण ५५५ जणांनीं न्यायालयाची पायरी चढल्यावर डिसेंबर २०१९ च्या निकालांत ठरलें कीं, त्या व्यवस्थेंत दोष होते, आणि दुकानदाराला न कळत दूरवरून त्याचे हिशेब बदलतां येत होते. २०२४ मध्यें पार्लमेंटला कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तोंवर कित्येक जण कलंक घेऊनच निवर्तले होते.

रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं जी चळवळ सुरू केली, तिचें मर्म या पार्श्वभूमीवर ध्यानांत येतें. संगणकाला दिलेल्या आज्ञा वाचण्याचा, सुधारण्याचा व इतरांस देण्याचा अधिकार वापरणाऱ्याला असावा, हें तिचें म्हणणें. यावर कोणी विचारील, आज्ञावली वाचतां येणारे असे कितीसे असतात? खरें आहे, पण प्रमाणभूत किलो तरी आपल्यापैकीं किती जणांनीं पाहिला आहे? आपल्या वतीनें दुसऱ्या कोणालातरी पाहतां येतो, एवढ्यावरच आपला भरंवसा असतो. अर्थात् दार उघडें ठेवलें म्हणजे झालें असेंही नव्हे. २०१४ मध्यें ओपन-एसएसएल या खुल्या आज्ञावलींत जो घातक दोष सांपडला, तो दोन वर्षें सर्वांच्या डोळ्यांसमोर असून कोणाला दिसला नव्हता. तपासणीचा हक्क वापरला तरच उपयोगाचा.

मराठी घरांना हा प्रश्न परका नाहीं. रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकार बसविणाऱ्या ज्या लिप्या एके काळीं प्रचारांत होत्या, त्यांत लिहिलेला मजकूर ती विशिष्ट लिपि नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रास होऊन बसे. लिहिणारा आपण, भाषा आपली, पण वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशांत. १९९१ पासून युनिकोड या सामाईक संकेतांत देवनागरीला स्वतःचें स्थान मिळालें, आणि तो संकेत जाहीर असल्यामुळें आज लिहिलेलें पत्र कोणत्याही यंत्रावर वाचतां येतें. एकाच किलोसारखी ही एकच पायली होय. पत्र कोणत्या लिपींत टंकावें, कागदपत्रें कोणत्या रूपांत ठेवावींत, हे निर्णय क्षुल्लक वाटतात; परंतु शिक्का न पाहतां माल घेण्याइतकेच ते क्षुल्लक आहेत.

मुलांना प्रामाणिक राहा असें सांगणें चालूच ठेवावें; त्याबरोबर माप पाहून घे, हेंही सांगावें. दुसऱ्या उपदेशानें पहिल्याचा अवमान होत नाहीं. ज्याचें माप खरें आहे, त्याला तें दाखविण्यांत कमीपणा वाटण्याचें कारण नसतें. त्या इंग्रज दुकानदारांनींही दया मागितली नव्हती. हिशेब दाखवा, इतकेंच त्यांचें मागणें होतें. तें पहिल्याच दिवशीं ऐकलें असतें, तर शेंकडों निरपराध संसार वांचले असते.