चांदवड : आलेले आणि राहिलेले

घरात बदलीचा हुकूम आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तिथे आहे तरी काय?" मुंबईची, ठाण्याची किंवा वसईची सवय झालेल्या कुटुंबाला तालुक्याच्या गावी राहायला जाणे म्हणजे एक पायरी खाली उतरल्यासारखे वाटते. आपल्या समाजातील कितीतरी शिक्षक, परिचारिका आणि बँकेतील कर्मचारी यांनी, त्याचप्रमाणे धर्मगुरू व धर्मभगिनी यांनीही, हा अनुभव घेतलेला आहे. सामान बांधताना आपण भांडी मोजतो, मुलांच्या शाळेचे दाखले काढतो, नव्या गावी भाड्याची खोली कुठे मिळेल याची चौकशी करतो. परंतु ज्या गावी जायचे त्या गावालाही इतिहास आहे आणि त्या इतिहासात आपल्यासारखीच पुष्कळ माणसे बाहेरून आलेली आहेत, हा विचार सहसा मनाला शिवत नाही. तो एका गावाच्या निमित्ताने करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

ते गाव म्हणजे नाशिक जिल्ह्यातील चांदवड. नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने ईशान्येकडे निघाले की सुमारे ६४ किलोमीटरवर, सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी हे गाव लागते. इंग्रजी कागदपत्रांत त्याचा उल्लेख 'चांदोर' असा येतो. गावाच्या डोक्यावर चांदवडचा किल्ला, आसपास इंद्राई, राजधेर, कोळधेर हे त्याचे सोबती. गाव सोडून उत्तरेकडे निघाले की राहुड घाट, पुढे मालेगाव आणि धुळे. दख्खनमधून उत्तरेत जाणाऱ्याला आणि उत्तरेतून दख्खनमध्ये येणाऱ्याला हीच वाट सोयीची होती. चांदवड हे वाटेवरचे गाव आहे आणि वाटेवरच्या गावाच्या नशिबी येणारे सारे चढउतार त्याने भोगले आहेत.

या गावाच्या इतिहासाचा आरंभच मुळी एका स्थलांतराच्या कथेने होतो. देवगिरीच्या यादवांचा मूळ पुरुष दृढप्रहार हा नवव्या शतकातला. आपले पूर्वज द्वारकेहून दक्षिणेत आले, असे हे घराणे अभिमानाने सांगत असे. दृढप्रहाराची राजधानी चंद्रादित्यपूर होती, असे एका जुन्या ताम्रपटावरून दिसते आणि हे चंद्रादित्यपूर म्हणजेच आजचे चांदवड असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. वसईच्या वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. या घराण्याची माहिती देणाऱ्या ताम्रपटांपैकी एक 'वसईचा ताम्रपट' म्हणूनच ओळखला जातो. तो शके ९९१ चा, म्हणजे इ. स. १०६९ चा आहे. गावागावांचे धागे असे दूरवर जुळलेले असतात.

पुढे यादवांचे बळ वाढले. राजधानी सिन्नरला गेली आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाच्या काळात देवगिरीला पोहोचली. राजा गेला, दरबार गेला, गाव मात्र जागेवरच राहिले. डोंगराच्या कुशीत कोरलेली जैन लेणी अकराव्या-बाराव्या शतकांतली मानली जातात. म्हणजे राजधानीचा मान गेल्यानंतरही या डोंगरात छिन्नीचा आवाज चालू होता आणि त्या कामाला आश्रय देणारी माणसे इथे नांदत होती.

सतराव्या शतकात मोगल आले. शाहजहानचा सरदार अलीवर्दीखान याने या परिसरातील किल्ले जिंकल्याची नोंद इंद्राई किल्ल्यावरील फारसी शिलालेखात आहे. हा विजय १६३५-३६ च्या सुमाराचा. किल्ले जिंकणारे येतात आणि जातात. त्यांची नावे दगडावर राहतात, पण त्यांनी गावात घर केले असे म्हणता येत नाही.

अठराव्या शतकात चांदवड होळकरांकडे आले. होळकरांचे घराणे हेही स्थलांतरितांचेच. मल्हाररावांचा जन्म १६९३ मध्ये होळ या गावचा. बालपण गेले खानदेशात तळोद्याला, मामाच्या घरी. आणि कर्तृत्व फुलले ते दूर माळव्यात. त्यांची सून अहिल्याबाई. तिचा जन्म १७२५ मध्ये आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी येथे झाला. लग्न होऊन ती मुलखाबाहेर गेली. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे गेले आणि १७६७ मध्ये एकुलता एक मुलगा मालेरावही गेला. त्यानंतर या बाईने इंदूर सोडून नर्मदाकाठच्या महेश्वराला राजधानी नेली. त्या लहानशा गावी तिने विणकरांना आणून वसवले आणि महेश्वरी लुगड्यांचा धंदा उभा राहिला. १७९५ मध्ये तिचे निधन झाले ते महेश्वरातच.

चांदवडचा रंगमहाल, म्हणजे होळकरांचा वाडा, याच काळाची खूण आहे. त्याचे कोरीव लाकडी खांब आणि भिंतींवरील चित्रे पाहायला आजही लोक येतात. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या रेणुकादेवीच्या मंदिराचा जीर्णोद्धारही अहिल्याबाईंनी केल्याचे सांगितले जाते. गावात टांकसाळ होती आणि 'चांदवडी रुपया' पेशवाईच्या व्यवहारात चालत असे. ज्या गावात नाणे पडते, तिथे सराफ येतो, कारागीर येतो, हिशेब ठेवणारा कारकून येतो, या सर्वांना धान्य विकणारा वाणीही येतो. त्या काळी चांदवडला राहायला जाणाऱ्याला "तिथे आहे तरी काय?" असे कुणी विचारले नसते.

हे वैभव दोन घावांनी ओसरले. पहिला घाव राजकीय. १८०४ मध्ये कर्नल वॉलेसने चांदवड घेतले. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलखावर होळकरांना पाणी सोडावे लागले आणि चांदवड इंग्रजी अंमलाखाली आले. वाडा राहिला, वाड्यातली वर्दळ गेली.

दुसरा घाव रुळांचा. १८६५ मध्ये थळ घाटातून आगगाडी धावू लागली. हा लोहमार्ग नाशिक, निफाड, लासलगाव, मनमाड, नांदगाव असा गेला आणि चांदवड बाजूला पडले. आग्रा रस्त्यावरून बैलगाड्यांनी जाणारा माल रुळांवर चढला. १८७८ मध्ये दौंडहून येणारा फाटा मनमाडला मिळाला आणि चांदवडहून सुमारे २४ किलोमीटरवरचे मनमाड जंक्शन झाले. इगतपुरी, मनमाड, भुसावळ या रेल्वेच्या गावांत गोव्याची आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे नोकरीसाठी येऊन राहिली. आपल्यापैकी काहींचे आजोबा-पणजोबा त्या वसाहतींत वाढले असतील. त्यांच्या लेखी मनमाड हे मोठे ठिकाण आणि चांदवड हे मागे पडलेले गाव.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. कोणतेही गाव जन्मतःच लहान नसते. एखाद्या तहाच्या कलमाने किंवा अभियंत्याने नकाशावर ओढलेल्या रेघेने ते लहान होते. तो निर्णय इतरत्र, इतरांनी घेतलेला असतो. ज्या गावी बदली झाली म्हणून आपण हळहळतो, त्या गावाचीही एके काळी अशीच आपल्या मर्जीविरुद्ध 'बदली' झालेली असते.

मग अशा मागे पडलेल्या गावाला पुन्हा कोण उभे करते? याच रस्त्यावर, चांदवडच्या पुढे सुमारे ४० किलोमीटरवर मालेगाव आहे. १८५७ च्या उठावानंतरच्या धामधुमीत आणि पुढे १८६२ च्या दुष्काळात उत्तरेकडील मोमीन विणकर तेथे येऊन राहिले. त्यांनी बरोबर सत्ता आणली नव्हती. हातातली कला तेवढी आणली होती. त्या कलेवर मालेगाव हे विणकरांचे शहर झाले.

चांदवडला अशी संधी शिक्षणाने दिली. १९२८ मध्ये केशवलालजी हरकचंदजी आबड यांनी येथे श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम स्थापन केला. मुंबई-पुण्याऐवजी, आगगाडीही ज्या गावी येत नाही तेथे विद्यार्थ्यांनी येऊन राहावे आणि शिकावे, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. त्या आश्रमातून शाळा आणि महाविद्यालये उभी राहिली; २००४ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयही आले. ज्या गावातून शिकण्यासाठी बाहेर जावे लागले असते, त्या गावी शिकण्यासाठी बाहेरची मुले येऊ लागली. खोल्या भाड्याने लागल्या, खाणावळी चालू लागल्या, प्राध्यापकांची बिऱ्हाडे आली. यादवांची राजधानी गेली, होळकरांची टांकसाळ गेली. शाळा मात्र टिकली.

या इतिहासातले सर्वांत मोठे स्थलांतर मात्र आपण अजून मोजलेलेच नाही. ते घराघरात घडते. लग्न होऊन सासरी येणारी प्रत्येक मुलगी आपले गाव, आपली माणसे आणि आपले आडनावही मागे ठेवून येते. तिला कोणी स्थलांतरित म्हणत नाही. चाळीस वर्षे ज्या शेतात ती राबते, त्या शेताच्या सातबाऱ्यावर तिचे नाव नसते.

हा प्रश्न चांदवडच्याच भूमीवर उभा राहिला. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन येथे भरले. गावोगावच्या लाखो स्त्रिया शिदोरी बांधून आल्या होत्या. अधिवेशनाचे प्रणेते शरद जोशी हे स्वतः एका वेगळ्या स्थलांतराचे उदाहरण होते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून ते १९७७ च्या सुमारास चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले. चांदवडला जी चर्चा झाली, तिच्यातूनच पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम निघाली आणि अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा वाटा पत्नीच्या नावे करून दिला. बाहेरून आलेल्या व्यक्तीला गावाने नाव आणि वाटा दिल्याशिवाय ती त्या गावची होत नाही, हे चांदवडच्या मांडवातल्या स्त्रियांनी ओळखले होते.

येथे बायबलमधील रूथची आठवण होते. मवाब देशाची ही तरुण विधवा सासूबरोबर बेथलेहेम या लहानशा गावी आली आणि परक्याच्या शेतात सरवा वेचू लागली. गावाने तिच्याशी गोड बोलावे, एवढ्यावर ती कथा संपत नाही. वेशीपाशी दहा वडीलधाऱ्यांना साक्षीला बसवून बवाजने जमिनीचा व्यवहार पुरा केला, तेव्हा रूथ बेथलेहेमची झाली. पुढे दावीद राजाची ती पणजी ठरली.

लहान गावी राहायला जाणाऱ्याला पहिले काही महिने जड जातात. वाण्यापासून शेजारणीपर्यंत प्रत्येकजण "तुम्ही मूळचे कुठले?" असे विचारतो. रविवारी कोण आले, कोण गेले, हे आळीभर कळते. शहरातले निनावीपण इथे मिळत नाही. परंतु ज्या नजरेची सुरुवातीला अडचण वाटते, तीच नजर रात्री-अपरात्री दुखणे आले की दाराशी येऊन उभी राहते. याला दुसरी बाजूही आहे आणि ती आपण, विशेषतः वसईकरांनी, प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. गेल्या काही दशकांत आपल्या वाडीशेजारी इमारती उभ्या राहिल्या, तिथे दूरदूरची माणसे राहायला आली आणि "ही कोण माणसे?" असे आपणही विचारले. आपल्या भीतीला कारणे होती. पाण्याचा, जमिनीचा आणि भाषेचा प्रश्न खोटा नव्हता. तरीही बदलीच्या गावी आपल्याला जे हवेसे वाटते, ते आपल्या गावी आलेल्याला आपण किती दिले, हा हिशेब अपुराच आहे.

चांदवडला जाणाऱ्याने रंगमहाल अवश्य पाहावा. मात्र तेथून निघाल्यावर कॉलेज सुटण्याच्या वेळी थोडा वेळ रस्त्यावर उभे राहावे. पाठीला दप्तर लावून खोलीकडे परतणाऱ्या त्या मुलामुलींत कितीजण बाहेरगावचे आहेत, हे चेहऱ्यांवरून ओळखता येत नाही.