पुस्तक बाहेर का जात नाही?

हाताने लिहिलेली पोथी पूर्ण झाली की लेखनिक शेवटच्या पानावर तिच्या रक्षणाची विनवणी लिहून ठेवी. तेल, पाणी, सैल बांधणी आणि अजाण माणसाचा हात यांपासून तिला जपावे, असा त्या विनवणीचा आशय असे. एक प्रत तयार व्हायला महिने लागत, तेव्हा ही काळजी रास्तच होती. पुढे छापखाना आला, विद्यापीठे आली, ग्रंथालयशास्त्राच्या पदव्या आल्या, तरी परक्या हाताची भीती आपल्या ग्रंथालयांतून गेली नाही. तिला नियमाचे रूप मिळाले. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाने दुसऱ्याला पुस्तक उसने द्यावे, ज्याला आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात, ही तशी साधी गोष्ट. ती आपल्या देशात पुरेशी का रुजली नाही, याचा इतिहास प्रशासनात काम करणाऱ्याने पाहण्याजोगा आहे.

आपल्याला हे कधी जमलेच नाही, असे मात्र नाही. मुंबई सरकारने १८६६ पासून संस्कृत हस्तलिखितांचा शोध सुरू करून मोठा संग्रह उभा केला. तो डेक्कन कॉलेजात होता आणि १९१८ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेकडे आला. लगेच १९१९ मध्ये संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. त्यासाठी शारदा, बंगाली, मैथिली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा अनेक लिप्यांतील पोथ्या पाहणे आवश्यक होते आणि त्या देशभर विखुरलेल्या होत्या. काही पोथ्या उसन्या आणल्या गेल्या. इतरांसाठी शांतिनिकेतन आणि तंजावर येथे पाठ मिळवून पाहण्याची केंद्रे उघडली, म्हणजे पोथीऐवजी तिच्यातील पाठ पुण्याला आला. १९६६ साली हे काम पुरे झाले. देवघेवीच्या व्यवस्थेविना ते अशक्य होते.

दुसरे उदाहरण बडोद्याचे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. तीन वर्षांत त्यांनी संस्थानाच्या ग्रंथालय व्यवस्थेची घडी बसवली. तिचा एक भाग म्हणजे पुस्तकांच्या पेट्या गावोगावी पाठवणारी फिरती ग्रंथालये. वाचक येईल तेव्हा येईल असे न म्हणता पुस्तकाने वाचकाकडे जावे, हे तत्त्व येथे शासनाने स्वीकारले. पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. तिच्यातील पहिले सूत्रच ग्रंथांच्या वापराविषयी आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली युनेस्कोच्या साहाय्याने दिल्लीत इन्सडॉक ही संस्था सुरू झाली. शास्त्रज्ञाने मागितलेल्या लेखाची छायाप्रत किंवा मायक्रोफिल्म मिळवून देणे हे तिचे एक प्रमुख काम. लेखाचा प्रश्न अशा रीतीने काही अंशी सुटला. अख्ख्या पुस्तकाचा नाही. ब्रिटनने १९६२ मध्ये बोस्टन स्पा या गावी खास उसने देण्यासाठीच विज्ञान-तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय ग्रंथालय उघडले आणि १९७३ साली ते ब्रिटिश लायब्ररीत विलीन केले. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे देशातील प्रकाशने येतात, पण जतन हे त्याचे पहिले कर्तव्य. देवघेव हेच मुख्य काम असलेले तसे ग्रंथालय आपण उभारले नाही. ती जबाबदारी विद्यापीठांच्या परस्पर सौजन्यावर राहिली, आणि सौजन्याला लेखापरीक्षणात रकाना नसतो.

याचा एक अनुभव सांगतो. एका जिल्ह्यात काम करीत असताना जुन्या तलावाच्या पाण्यावरून दोन गावांचा वाद माझ्यापुढे आला. पाण्याचा मूळ वाटप-क्रम ज्या जुन्या जमाबंदी अहवालात होता, त्याची आमच्या अभिलेख कक्षातील प्रत वाळवीने संपवली होती. शेजारच्या राज्यातील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती असल्याचे कळले. रीतसर पत्र पाठवले. तीन आठवड्यांनी उत्तर आले, की हा ग्रंथ बाहेर देता येत नाही व जीर्ण असल्याने छायाप्रतही काढता येत नाही. अखेर एक अव्वल कारकून रेल्वेने गेला आणि दोन दिवस बसून त्याने चौदा पाने हाताने उतरवून आणली. त्या पानांवर दोन्ही गावांची समजूत पटली. पण दरम्यान एक रब्बी हंगाम वादात गेला होता.

पुढे त्या ग्रंथपालांची गाठ पडली, तेव्हा त्यांनी नकाराचे कारण सांगितले. आधीच्या ग्रंथपालांकडून कार्यभार घेताना जी पुस्तके सापडली नाहीत, त्यांची रक्कम यांच्या पगारातून वसूल झाली होती. पुस्तक कपाटात पडून राहिले तर कोणी जाब विचारत नाही. बाहेर जाऊन हरवले तर विचारतात. अशा स्थितीत शहाणा माणूस काय करील?

नियम खरे तर इतका निर्दय नाही. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत (२००५ चा नियम १९४, २०१७ चा नियम २१५) स्पष्ट म्हटले आहे, की वर्षभरात दिलेल्या वा वाचलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ झाले तर ते वाजवी मानावे; मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा वा हयगय नसावी. एक हजार रुपयांवरील आणि दुर्मिळ ग्रंथांची चौकशी मात्र झालीच पाहिजे. म्हणजे वापर वाढला की सूटही वाढते. नियम करणाऱ्यांनी पुस्तक फिरावे असेच गृहीत धरले होते. परंतु ही सूट मान्य करून निर्लेखनाच्या कागदावर सही करायला वरिष्ठ धजत नाहीत आणि भार खालच्या माणसावर पडतो.

दरम्यान कोणते पुस्तक कुठे आहे, हा प्रश्न बराचसा सुटला. १९८८ साली दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये डेलनेटची सुरुवात झाली. कोलकाता, मुंबई, अहमदाबाद, म्हैसूर येथेही ग्रंथालयांची जाळी विणली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाचा इन्फ्लिबनेट प्रकल्प १९९१ साली पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या छत्राखाली निघाला आणि १९९६ मध्ये स्वतंत्र केंद्र झाला. त्याच्या संघ तालिकेत आज देशभरच्या विद्यापीठांतील ग्रंथ घरबसल्या शोधता येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. तिच्यामुळे सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली. ही मोठीच गोष्ट आहे. पण ती नियतकालिकांची आहे. जुने ग्रंथ, जमाबंदी अहवाल, प्रादेशिक भाषांतील साहित्य तिच्यात नाही. शिवाय इलेक्ट्रॉनिक नियतकालिक ग्रंथालयाच्या मालकीचे नसते. ते दुसऱ्याला द्यावे की नाही, हे प्रकाशकाशी झालेला करार ठरवतो.

तेव्हा पुस्तक कुठे आहे हे कळते, पण ते हलत नाही. हे बदलायला नवा कायदा किंवा मोठा निधी लागणार नाही. मला तीन गोष्टी सुचतात :

१. हजारी पाचाची सूट देवघेवीत गेलेल्या ग्रंथांनाही लागू आहे, असे प्रत्येक विद्यापीठाने परिपत्रक काढून ग्रंथपालाला लेखी कळवावे आणि निर्लेखनाचा अधिकार कोणाचा, हेही त्यात लिहावे.

२. जे पुस्तक जीर्ण असेल, त्याची मागणी आली की नकार देण्याऐवजी कॅमेऱ्याने पाने टिपून पाठवावीत. तंजावरच्या केंद्राने पाठ पाठवला, त्याचीच ही आजची रीत.

३. ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालात दाखल ग्रंथांच्या आकड्याशेजारी बाहेर दिलेल्या आणि बाहेरून आणलेल्या ग्रंथांचा आकडा छापावा. ज्याची नोंद मागितली जाते ते काम होते, हा कार्यालयांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

लहान गावातील महाविद्यालयात संशोधन करणाऱ्या मुलीला दिल्लीची किंवा चेन्नईची तालिका आज मोबाईलवर दिसते. तिला हवे असलेले पुस्तक तिच्या हाती पडते की नाही, हे मात्र एका ग्रंथपालाला निर्धास्त वाटते की नाही यावर ठरते. ते निर्धास्तपण त्याला देणे आपल्या हातात आहे.